आधी विचारावं, मग बुडवावं

आमच्या दुकानात ऊन दिवसातून एकदाच येतं. समोर गिरणीची भिंत होती तेव्हा ते सकाळपासून यायचं. आता तिथे काचेचा टॉवर उभा आहे. तो आणि शेजारची बँकेची इमारत यांच्यामधल्या फटीतून, दुपारची जेवणं आटपता आटपता, उन्हाचा एक पट्टा गल्लीत उतरतो, पायरी चढून आत येतो, काउंटरवर थोडा रेंगाळतो आणि जातो. तेवढ्यात आम्ही रंग बघून घेतो. बाकीचा दिवस नुसतं काम.

साडीला फॉल-बिडिंग, रोल-पॉलिश आणि डाय, असं पाटीवर लिहिलं आहे. आता पातेल्यापुढे मी फारशी उभी राहत नाही. गुडघे ऐकत नाहीत. पण दुपारी पायरीवर खुर्ची टाकून बसते आणि तो पट्टा आला की डोळे मिटते. मिटल्या डोळ्यांपुढे आयुष्यभर रंगवलेले रंग यायला लागतात. चिंतामणी, मोरपंखी, अबोली, शेवाळी. एकातून दुसरा निघतो, पाण्यात पसरावा तसा पसरतो. त्यांच्या मागोमाग माणसं येतात. आणि खरं सांगायचं तर ज्यांचं काम उत्तम झालं ती माणसं येत नाहीत. ज्यांचं बिघडवलं, तीच येतात.

मी लग्न होऊन परळला आले तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. मामंजी म्हणायचे मी त्यांना. ते गिरणीच्या रंगखात्यात होते. काम गेल्यावर त्यांनी चाळीच्या तळमजल्यावरचा हा गाळा घेतला आणि एक मोठं तांब्याचं पातेलं, एक शेगडी आणि रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून आणलेला सागवानी दांडा एवढ्यावर रंगाई सुरू केली. मी मालवणकडची. माहेरी रंगाचा संबंध शिमग्यापुरता. आमचे हे बँकेत नोकरीला, त्यांना दुकानात रस नव्हता. मामंजींना एक जोडीचा हात हवा होता आणि मला घरात बसवत नव्हतं, म्हणून मी खाली उतरले ती उतरलेच.

लोकांना वाटतं, रंगवणं म्हणजे गरम पाण्यात पूड टाकली, कापड बुडवलं, झालं. तसं नसतं. बाई नखाएवढा तुकडा घेऊन येते आणि म्हणते, "अगदी असाच." पाण्यात असताना रंग गडद दिसतो, सुकला की उतरतो. म्हणून एक टोक इस्त्रीने सुकवून बघायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा बघायचं. सुती कापड घटाघटा पितं. रेशीम विचार करत पितं. पॉलिस्टर तोंड फिरवतं. पातेल्यावर वाफ धरली की पलीकडचं काही दिसत नाही, रस्त्याचे आवाजही लांबून आल्यासारखे वाटतात. मला तिथे उभं राहायला फार आवडायचं. दांडा फिरवता फिरवता मी कुठे जायचे कोणास ठाऊक. कधी माहेरच्या खाडीवर, कधी कुठेच नाही. गुंगी असायची ती एक.

त्या गुंगीतच पहिली फजिती झाली. पाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम खेळणाऱ्या गिरगावच्या बायकांचा एक ग्रुप होता. सगळ्यांच्या आमसुली नऊवारीवर त्याच रंगाचे ब्लाउज हवे होते. मामंजी गावाला गेलेले. मी हौसेने काम घेतलं, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रंग लावून बघितला आणि स्वतःवरच खूश झाले. अगदी आमसूल! पाडव्याला मुद्दाम गिरगावात जाऊन फुटपाथवर उभी राहिले. ताशे वाजायला लागले, बायका वळणावरून उन्हात आल्या. साड्या आमसुली होत्या, ब्लाउज मात्र तपकिरी, विटके, मळके. ट्यूबखाली जुळे वाटणारे रंग उन्हात एकमेकांना ओळख देत नव्हते. पुढे नाचणाऱ्या वर्षाताईंनी मला गर्दीत बरोबर शोधलं आणि लेझीम न थांबवता ओरडून म्हणाल्या, "अहो, हे आमसूल नाही, आमसूल धुतलेलं पाणी आहे!" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन मोरीत बसून रडले.

मामंजी परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पानाला चुना लावत म्हणाले, "रंग उन्हात बघूचो असता गो, दिव्यात नाय." तेव्हापासून उन्हाचा नियम.

दुसरी फजिती एका कॉलेजातल्या मुलाच्या कुर्त्याची. पांढरा कुर्ता काळा करून हवा होता. कुर्ता झाला मस्त काळा, पण शिलाईचा दोरा निघाला पॉलिस्टरचा. त्याने रंग धरलाच नाही. खांद्यावरून, काखेतून, बाह्यांवरून पांढऱ्या रेघाच रेघा. मुलगा कुर्ता उलटसुलट करत म्हणाला, "काकू, हा कुर्ता आहे की टेलरचा नकाशा?" तेव्हापासून शिवलेला कपडा आला की आधी दोरा तपासायचा.

अशी मी शिकत गेले. एक फजिती, एक नियम. मामंजी गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, तोवर असे पुष्कळ नियम जमले होते. मला वाटायला लागलं होतं, आता आपल्याला फसवेल असं कापड उरलं नाही. आणि ते खरंही होतं. पुढे फसले ती कापडाने नाहीच.

इथे कुंदाबद्दल सांगायला हवं. कुंदा आमच्याकडे फॉल लावते. नायगावच्या चाळीत वाढली, लग्न होऊन कॉटन ग्रीनला राहते. काम मागायला आली तेव्हा तिचा मोठा मुलगा कडेवर होता, आता तो विमानतळावर नोकरी करतो. पोटमाळ्याच्या खाली, चटईवर, भिंतीला पाठ टेकून ती बसते. तिचा टाका उजव्या बाजूने शोधून सापडत नाही. दुपारचे डबे आम्ही एकत्र उघडतो. माझी बांगड्याची उकड तिच्याकडे, तिचं सुक्या जवळ्याचं कालवण माझ्याकडे. जयंतीला ती सुट्टी घेते, दुसऱ्या दिवशी खीर आणते. मी तिला कुंदा म्हणते, ती मला वहिनी. माझ्या सुनेबद्दल मी घरात बोलले नसेन इतकं तिच्याशी बोलले आहे. आमच्यात काही अंतर आहे असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. लगीनसराई होती. एका दुपारी एक मुलगी आली. इस्पितळातला पांढरा कोट हातावर टाकलेला, चेहरा दमलेला. पिशवीतून तिने एक साडी काढून काउंटरवर ठेवली. जुनी रेशमी साडी, पांढरी, बारीक जरीचा काठ, घड्यांवर पिवळट पडलेली. पॉलिशला अशा साड्या येतात आमच्याकडे. मी आवाज खाली आणला, चेहरा तसा केला आणि अगदी मायेने विचारलं,

"कोण गेलं गं, बाळा?"

"कोणी नाही, काकू. लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझं."

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक झाली की माणूस ती पुसायला धावतो आणि जास्त फासून ठेवतो. मी म्हटलं, "अगं बाई! मग पांढरी कशी नेसशील? दे इकडे, मी हिला मस्त हळदी करून देते. नाहीतर राणी कलर. रेशीम आहे, काय सुंदर रंग घेईल बघ!"

मुलीने साडीवर हात ठेवला. मी ओढून घेईन की काय अशी भीती वाटावी तसा. मग शांतपणे घडी घातली, पिशवीत ठेवली.

"राहू दे, काकू," म्हणाली आणि पायरी उतरली.

मी बघत राहिले. मागे चटईवर कुंदाच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला होता. टाका घालताना तिच्या बांगड्या सतत वाजतात, मला तो आवाज ऐकूसुद्धा येत नाही. बंद झाला तेव्हा आला.

"वहिनी," ती म्हणाली, "आमच्यात लग्नाला पांढरीच नेसतात."

"आमच्यात म्हणजे..." मी म्हणाले आणि वाक्य अर्ध्यात राहिलं.

"माझंही पांढऱ्याच साडीत झालं होतं."

ती रागाने बोलली नव्हती, सांगून पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. पण माझी कानशिलं तापली. हा भाग केवढासा! आमच्या चाळीपासून त्यांच्या चाळी हाकेच्या अंतरावर. वर्षानुवर्षं मी इथे लग्नाच्या साड्या बघते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कारण मी कधी गेलेच नव्हते. कुंदाने तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाला बोलावलं होतं. मी आहेराचं पाकीट दिलं आणि म्हटलं, सीझनला दुकान बंद कसं ठेवू? तिने समजून घेतलं. ती समजूनच घ्यायची, म्हणून मला काही समजायची वेळच आली नव्हती.

मी उठले आणि पळत सुटले. फ्लायओव्हरखाली शहाळेवाल्याच्या गाडीपाशी ती मुलगी रस्ता ओलांडायला थांबली होती.

"अगं, थांब. चुकले मी," मी धापा टाकत म्हटलं. "मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मी अनवाणी होते.

"काकू, चपला तरी घालायच्या," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. "तुम्ही एकट्याच नाही हो. सकाळी एका दुकानात मला विचारलं, आजी का आजोबा?"

आम्ही दोघी हसलो. शहाळेवालाही, काही न कळता. तिचं नाव प्रज्ञा. इथल्याच एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. साडी तिच्या आईची होती, आई तिच्या लग्नात नेसलेली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "फक्त स्वच्छ करून पॉलिश करा. बाकी काही नको."

बाकी काही नको. हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण मला भरपाई करायची होती ना! अशी लखलखीत पांढरी करून देईन की सगळ्या लग्नात कोणी पाहिली नसेल, असं मनात घेतलं. कुंदा म्हणाली, "वहिनी, पोरीने काही नको सांगितलंय." मी म्हटलं, "तू बघ तर खरी."

रेशमाला सोसेल अशा बेताने घड्यांवरचं पिवळं मी जपून काढलं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथे लिहायची वेळ आली नसती. पण पाण्यात साडी पसरली होती, वाफ वर येत होती, दुपार होती आणि मी पुन्हा त्या गुंगीत शिरले. पांढरेपणा आणणारी पूड घातली. थोडी अजून. मग नीळ, किंचित, बोटाच्या टोकावर येईल एवढी. दांड्यावर ती साडी चांदण्याच्या तुकड्यासारखी उचलून यायची. खळ लावून गरम रुळांतून काढली तेव्हा तर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. बर्फासारखी दिसत होती. जरीचा काठ तिच्यापुढे फिका पडला होता.

साडी न्यायला प्रज्ञाची आई आली. सुमनताई. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला. मी साडी काउंटरवर उलगडली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी चष्मा वर केला. साडीवरून हात फिरवला.

"ही नाही माझी," त्या म्हणाल्या.

"अहो, तुमचीच आहे. स्वच्छ केली ना, म्हणून..."

"नाही हो, बाई. बदलली तुमच्याकडे. दुसऱ्या कोणाची आहे ही. माझी बघा आत असेल." त्या इतक्या समजुतीने सांगत होत्या की मी आत वळून बघितलंही. "गडबडीत होतं असं. बघा ना जरा."

मी नुसती मान हलवत राहिले. मग त्यांनी पदर हातात घेतला, टोकापासून चाचपत मागे आल्या आणि एका जागी थांबल्या. तिथे रफू होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मांडवातल्या खिळ्याला अडकून फाटलं होतं, त्यांच्या आईने तिथल्या तिथे शिवलं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा नुसतं बोट त्या रफूवर ठेवून उभ्या राहिल्या. आपल्या माणसाला आपण ओळखलं नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"अशी कशी झाली ही?" शेवटी म्हणाल्या.

फाटलेलं शिवता येतं, डाग काढता येतो. पण साडी बिघडली कुठे होती? उलट सुधारली होती. कोणीही पाहिलं असतं तर मला शाबासकीच दिली असती. आणि समोर ती बाई अशी उभी. माझ्या सगळ्या फजित्यांत एवढी लाज मला कधी वाटली नाही.

कुंदा चटईवरून उठली. सुमनताईंसाठी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि साधं विचारलं, "ताई, तुमची कशी होती?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. साडी पाण्यात टाकण्याआधी.

"पांढरी म्हणजे अशी नव्हती," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. "खीर असते ना आपली. चुलीवर बराच वेळ ठेवली, आटली, की कशी होते. तशी."

"खाली लागायच्या आधीची?" कुंदाने विचारलं.

"हां, हां. आधीची."

दोघी हसल्या. मला वाटलं, मी दोन बायकांचं एखाद्या दाराआडचं बोलणं ऐकते आहे.

नमुन्याचा तुकडा असल्याशिवाय रंग धरायचा नाही, हा मामंजींचा पहिला धडा. इथे तुकडा नव्हता. होती ती एका बाईची आठवण. मी सुमनताईंना विचारलं, "तुम्ही बसाल का? तुम्ही बघत राहा, मी हळूहळू आणते." त्या बसल्या.

आधी मी साडी कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून नीळ आणि पूड निघेल तेवढी काढली. मग पातेल्यात कोरा चहा उकळला, गाळला, गाळलेला पुन्हा गाळला, पाण्यात अगदी वाटीभर मिसळला. चहा रेशमाला सांभाळून धरतो. साडी बुडवायची, काढायची, टोक सुकवायचं, उन्हात धरायचं.

"नाही," सुमनताई म्हणायच्या.

पुन्हा बुडवायची.

"नाही. अजून नाही."

ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर हॉर्न वाजत होते, गिऱ्हाइकं येत होती आणि कुंदा त्यांना उद्या या म्हणून परत पाठवत होती. दुकानभर चहाचा वास. साडीचं एक टोक कुंदाच्या हातात, एक माझ्या, मध्ये ओलं रेशीम झोळीसारखं झुकलेलं आणि त्याच्याखाली स्टुलावर बसून सुमनताई बोलताहेत. लग्नात पाऊस नव्हता तरी सासूबाई छत्री घेऊन आल्या होत्या. मुलाकडचे लोक ट्रकमधून आले होते. मांडव चाळीच्या पटांगणात होता, आणि वरच्या गॅलऱ्यांतून लोकांनी इतकी फुलं टाकली की केसांतून काढता काढता सकाळ झाली. त्या बोलत होत्या आणि साडी थोडीथोडी त्यांच्या बोलण्याच्या दिशेने जात होती. असं मी तेव्हा समजत होते. वाफेत माणसाला काहीही वाटतं.

ऊन काउंटरवरून सरकायला लागलं होतं. मी टोक सुकवून पुढे धरलं.

सुमनताई पुढे झुकल्या. टोक हातात घेतलं, गालाला लावलं.

"आली," म्हणाल्या.

लग्नाचं आमंत्रण द्यायला प्रज्ञा आली तेव्हा तिने दोन पत्रिका काढल्या, एक कुंदाला, एक मला. मी सीझनमध्ये दुकान बंद ठेवलं. काय नेसायचं ते मात्र कळेना. कुंदाला विचारलं, "मी रंगीत नेसले तर चालेल ना?" ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आलात तर गोणपाटसुद्धा चालेल." मी फिकी मोतिया नेसले.

नायगावचा हॉल होता. पुढे बुद्धांची मूर्ती, मेणबत्त्या, पांढऱ्या फुलांच्या माळा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगांनी बसलेली, पंख्यांच्या वाऱ्यावर पदर हलताहेत. मला आयुष्यभर पांढरा म्हणजे अजून रंगवायचं राहिलेलं कापड वाटत आलेलं. इथे बघितलं तर एका पांढऱ्यासारखा दुसरा नव्हता. ताकासारखा, शंखासारखा, जुन्या कागदासारखा. प्रज्ञा आली तेव्हा तिच्या अंगावर ती आटलेल्या खिरीची साडी होती. सगळे एकसुरात वंदना म्हणू लागले. कुंदा शेजारी हात जोडून म्हणत होती. मला शब्द येत नव्हते, मी नुसते हात जोडले. सुमनताई लेकीकडे बघत नव्हत्या, साडीकडे बघत होत्या. मग लेकीकडे बघायला लागल्या आणि फुलं पडायला लागली.

परत येताना आम्ही दोघी चालत निघालो. मी म्हटलं, "कुंदा, तुझी लग्नातली साडी कशी होती गं?"

तिने पदर सारखा केला. "सुती होती," म्हणाली. "साधी. पण छान होती."

"आहे का अजून?"

"आहे की. तुम्ही पाहिलीय."

"मी? कधी?"

"जांभळी. मी कामाला नेसायचे ना."

मी रस्त्यात थांबले. ती जांभळी साडी माझ्या डोळ्यांपुढे होती. कित्येक वर्षं होती. पावसाळ्यात तर दिवसाआड तीच. त्या साडीत कुंदा चटईवर बसलेली, त्या साडीच्या पदराला हात पुसणारी.

"यांचं काम सुटलं होतं," कुंदा सांगत होती. "मला बाहेर पडायचं होतं आणि नेसायला काही नव्हतं धड. पांढरी रोज कशी वापरणार? मळते. म्हणून रंगवायला घेऊन आले तुमच्याकडे. तेव्हाच तर दुकान पाहिलं पहिल्यांदा. मामंजी नव्हते. तुम्ही होतात पातेल्यापाशी."

"मी रंगवली?"

"हो. तुम्ही म्हणालात, बरं केलंस, पांढरी काय कामाची. आता रोज नेसता येईल." तिने माझ्याकडे बघितलं. "खरंच आली नेसता. पक्का रंग होता."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आजही करते, दुपारी पायरीवर बसून. पातेलं आठवतं, दांडा आठवतो, पांढरं कापड पाण्यात उतरताना पोटात हवा धरून फुगतं ते दिसतं. मग कडेकडेने जांभळं शिरायला लागतं. पण काउंटरच्या पलीकडे उभी असलेली, लेकराला कडेवर घेतलेली ती मुलगी काही केल्या दिसत नाही. त्या बाजूला सगळी वाफच आहे.

दुसऱ्या दिवशी मी कुंदाला म्हटलं, "ती साडी घेऊन ये." तिने आणली. विरळ झाली होती, काठापाशी पार झिजलेली, पण जांभळी अजून जांभळी होती. जुना रंग उतरवायची औषधं असतात. जीर्ण सुताला ती किती सोसतील सांगता येत नाही, आणि उतरला तरी मूळचा पांढरा परत येतोच असं नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. मग विचारलं, "काय करू?"

"रंग राहू दे," कुंदा म्हणाली. "पोरं या साडीच्या झोळीत झोपलीत माझी. आता ती जांभळीच आहे."

"मग पॉलिश?"

"फाटेल."

"मग सांग ना काय करू ते."

तिने साडीचा खालचा काठ उलटा केला. फॉल अर्धा उसवून लोंबत होता. दुनियेच्या साड्यांना फॉल लावणाऱ्या बाईला स्वतःच्या साडीला हात लावायला वेळ झाला नव्हता.

"हा लावून द्या," ती म्हणाली. "तुम्ही."

मी काउंटरच्या मागून निघाले आणि चटईवर बसले. गुडघे दुखले. कुंदा माझ्या जागी, काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. सुईत दोरा ओवायला मला वेळ लागला, चष्मा पुसावा लागला. मग एकेक टाका घालत निघाले. तिकडे कोणीतरी पॉलिशला साडी घेऊन आलं. कुंदा विचारत होती, कशासाठी आहे, कधी हवी, कशी हवी. मी मान वर केली नाही.

हातभर झाल्यावर ती आली. वाकून काठ उचलला, उजव्या बाजूने बघितला. माझा प्रत्येक टाका मोजून घ्यावा असा वर दिसत होता आणि अख्खी ओळ तिरकी गेली होती.

"वहिनी," कुंदा म्हणाली, "उसवा. पुन्हा घाला."

मी उसवायला घेतलं.